वेलीवरचे थेंब

वहिनींनी माळ्यावरून काढलेला गालिचा दिवाणखान्यात उलगडला आणि कपाळाला हात लावला. या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीने भोकं पडली होती.

"उंदरांची पंगतच बसली होती म्हणायची," त्या म्हणाल्या.

"एकच उंदीर होता, वहिनी. आणि एकदाच चावला," वन्सं वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाल्या.

वहिनींनी सुईत दोरा ओवला आणि विषय सोडून दिला. वन्संचं बोलणं पहिल्या फटक्यात कळलं, असं वहिनींच्या लग्नापासून एकदाही घडलं नव्हतं.

वन्सं म्हणजे वहिनींची नणंद. त्या खासगी चौकशीची कामं घेत. वहिनी त्यांना वन्सं म्हणत, म्हणून शेजारीपाजारी, दूधवाला, इतकंच काय, चौकीवरचे फौजदारही त्यांना वन्संच म्हणू लागले होते. वहिनींचा नवरा बोटीवर नोकरीला होता आणि वर्षातून एकदा घरी यायचा. नणंद-भावजय एका छपराखाली म्हणजे भांड्याला भांडं लागणार, असं सगळ्यांचं भाकीत होतं. भांडी वाजतही, पण कुणी चौकशीचं काम घेऊन आलं की दोघी एक व्हायच्या.

आत्ताही दारावर थाप पडली. आत आलेली बाई तिशीच्या आसपासची होती. नखांत लाकडाचा भुसा, बोटांवर जुन्या जखमांचे वण. ती बसली आणि आढेवेढे न घेता म्हणाली, "माझ्या आईची वेल चोरीला गेलीय."

"कुंडीतली?" वहिनींनी विचारलं.

"कागदावरची. आम्ही कोरीवकामवाले आहोत. दारं, चौकटी, कपाटं. आजोबांच्या आधीपासून."

मग तिने सगळं नीट सांगितलं. त्यांच्या कारखान्यात नक्ष्यांची एक लांबच लांब गुंडाळी होती. घराण्यातल्या प्रत्येक मालकाने आपली नक्षी काढायची आणि गुंडाळीच्या टोकाला चिकटवायची. सगळ्यात जुनी नक्षी गुंडाळीच्या पोटात, सगळ्यात नवी बाहेर. नक्षी नेहमी खऱ्या मापात काढायची, म्हणजे कागद लाकडावर ठेवून, रेघांवर टाचणीने भोकं पाडून, कोळशाची पूड झटकली की नक्षी लाकडावर उतरली.

"मालकानेच काढायची?" वन्संनी विचारलं.

"कागदोपत्री तसंच. पण बाबांच्या कितीतरी नक्ष्या आईच्या हातच्या आहेत. तिचं नाव कशावरच नाही. शेवटच्या आजारपणात तिनं अंथरुणात बसून एक वेल काढली. बाबा म्हणाले, ही तुझ्या नावाने लागू दे. मी माझ्या हाताने ती गुंडाळीला चिकटवली. आई गेली. मी बाहेरगावच्या कामावर गेले. परत आले तर गुंडाळीत वेल नाही, आणि नव्या ग्रंथालयाच्या दारावर बसवायच्या फळीत तीच वेल कोरलेली. माझ्या चुलतभावाने, दादाने. फळीच्या मधोमध नावाची पाटी आहे. उद्या सकाळी तिच्यावर त्याचं नाव कोरायचंय."

"मग बोलायचं ना तोंड उघडून," वहिनी म्हणाल्या.

"बोलले. काकांनी, दादाच्या वडिलांनी, एकच प्रश्न विचारला. आईच्या वेलीत थेंब होते का? मी म्हटलं, नव्हते. आणि दारावरच्या वेलीत थेंब आहेत. सगळे त्या थेंबांचंच कौतुक करतात. वेलीवरून दव ओघळतंय, म्हणतात."

"थेंब होते म्हणून सांगायचं! कोण बघायला येणार होतं?"

"वेल खरी आहे हे सांगायला खोटं बोलले असते, तर ती आईची राहिली नसती."

वहिनींनी सुई गालिच्यात खोचून ठेवली. वन्संनी वर्तमानपत्राची घडी केली. कपाटातून दोऱ्याचं रीळ घेतलं आणि चपला पायात सरकवल्या.

"चला. ते थेंब मला बघायचेत."

कारखाना म्हणजे एक लांब दालन होतं. भुशाचा आणि तेलाचा वास दारातच भेटला. मधोमध दोन लाकडी घोड्यांवर ती फळी आडवी ठेवली होती. वहिनी तिच्याकडे बघतच राहिल्या.

वेल डावीकडून निघून उजवीकडे धावत होती. एक वेटोळं पुरतं वळायच्या आत त्याच्या पोटातून दुसरं फुटत होतं, एक खाली वळलं तर पुढचं वर. मध्यावर वेल दुभंगून नावाच्या पाटीला वाट देत होती. पाटी अर्धवट उलगडलेल्या कागदासारखी कोरलेली होती, दोन्ही टोकं आत वळलेली, मधली जागा कोरी.

"नाव नेहमी असं गुंडाळीवरच का कोरतात हो?" वहिनींनी विचारलं.

"लाकडाला बोलायचं असलं की ते कागदाचं सोंग घेतं," तक्रार घेऊन आलेली लेक म्हणाली. "आई म्हणायची, मिटलेली गुंडाळी म्हणजे अजून सांगायचं राहिलंय, उलगडलेली म्हणजे सांगून झालं. आणि टोकं वळलेली ठेवायची, कारण सगळं कुणीच सांगत नाही."

वन्सं थेंब बघत होत्या. डावीकडचा सगळ्यात टपोरा, उजवीकडे जावं तसे लहान होत गेलेले. प्रत्येकाला एकाच बाजूला वळलेलं शेपूट. एक पानावर पडला होता, एक देठावर, एक चक्क मोकळ्या जागेत. मात्र सगळे वरच्या कडेपासून सारख्याच अंतरावर होते.

"वेलीत प्रत्येक गोष्ट कशातून तरी फुटते," वन्सं म्हणाल्या. "हे थेंब कशातूनच फुटत नाहीत."

त्यांनी फळीच्या कडेला दोरा ताणून धरला आणि जिथे जिथे थेंब होता तिथे एकेक गाठ मारली.

मग लेकीने गुंडाळी आणली. तिच्याभोवतीचं फडकं कोरं करकरीत होतं. मोठ्या टेबलावर गुंडाळी उलगडली तसा कागद पिवळा पिवळा होत गेला. बाहेरच्या टोकाकडे फिकट डाग होते. आत जावं तसे ते पुसट होत होते आणि पुढे नाहीसेच झाले होते.

"वय झालं की पडतात डाग," वहिनी स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाल्या.

वन्संनी कापलेल्या कडेवरून नख फिरवलं. नख दोन-तीनदा अडखळलं. मग त्यांनी तोच दोरा पुढे घेऊन या कागदाच्या कडेलाही गाठी मारल्या.

"गुंडाळी कुठे असते?"

लेकीने भिंतीतली फळी दाखवली. तिच्या वरच्या फळीवर एक गोल, काळपट तेलकट वळ उमटलेला होता. त्या मापाचा जवसाच्या तेलाचा डबा आता खाली, जमिनीवर ठेवलेला होता.

कोपऱ्यात खुर्चीवर लेकीचे वडील बसले होते. कारखान्याचे मालक. त्यांचे हात मांडीवर होते आणि थरथरत होते. नजरही अधू झाली होती. आवाज ओळखून ते माणसाकडे वळत.

"डबा खाली कधीपासून ठेवता?" वन्संनी विचारलं.

"वर हात पोचत नाही आता."

"गुंडाळीचं फडकं बदललंत?"

"जुनं झालं होतं."

"तुमच्या मंडळींची वेल तुम्ही पाहिली होती ना?"

म्हातारबुवांनी तोंड खिडकीकडे वळवलं. "गेलेल्या गोष्टी उकरून कुणाचं भलं झालंय, बाई? पोरीला सांगा, सोडून दे म्हणावं."

लेकीने मान फिरवली. बाबा आपल्या बाजूने बोलत नाहीत, याचंच तिला सगळ्यात जास्त लागलं होतं, हे वहिनींनासुद्धा दिसलं.

काका पलीकडच्या खोलीत कारभार बघत. टापटीप माणूस. त्यांच्या टेबलावर एक लांब कात्री होती आणि बोलता बोलता जुन्या पाकिटांच्या पट्ट्या कापायची त्यांना सवय होती. पट्ट्या समोर साठत होत्या.

"आमच्या वहिनींबद्दल, म्हणजे पोरीच्या आईबद्दल, मला आदरच होता," काका म्हणाले. "पण गुंडाळीत नक्षी मालकाची लागते. मी सख्खा भाऊ, मला उभ्या जन्मात लावू दिली नाही. वडिलांनी ठरवलं, थोरल्याच्या हाती छिन्नी, धाकट्याच्या हाती टाचण्या आणि पावत्या. आता माझ्या मुलाचं नाव ग्रंथालयाच्या दारावर लागतंय तर कुणाच्या पोटात का दुखावं?"

"गुंडाळीतून काही कापलं गेलंय का?"

"शेवटचं पान बाहेर असतं, झिजतं, फाटतं. पोरीनं स्वतःच कबूल केलंय की थेंब नव्हते. मग बोलणंच खुंटलं."

"खुंटलं खरं," वन्सं म्हणाल्या. उठताना त्यांनी टेबलावरची एक पट्टी सहज उचलली आणि बोटाभोवती गुंडाळली.

दादा फळीपाशी उभा होता. उंचापुरा, कमी बोलणारा. वन्संनी त्याच्याकडे फळीचा ठसा घ्यायला पातळ कागद मागितला. त्याने भेंडोळ्यातून कागद ओढला, त्यावर पोलादी पट्टी ठेवली आणि सुरीने एका ओढीत कापला.

"कात्री नाही वापरत?" वहिनींनी विचारलं.

"आजोबा पाठीत धपाटा घालायचे. कात्री चावे घेत जाते, म्हणायचे, सुरी सरळ जाते. इथे कुणीच कागदाला कात्री लावत नाही."

"वेल कुणाची?" वन्संनी विचारलं.

"घरातलीच आहे."

"आणि थेंब?"

"होते तसे कोरले. रेषेला रेष. कोरणाऱ्यानं आपलं डोकं चालवायचं नाही, हा आमचा नियम."

कागद घेऊन परतताना वहिनी वन्संच्या कानाशी लागल्या. "दादाच चोर. वेल त्याने कोरली, नाव त्याचं लागणार, आणि नजर बघितलीत? सगळी फळीवर. एवढं सरळ असताना तुम्ही गाठी कसल्या मारत बसलात?"

"सरळच आहे," वन्सं म्हणाल्या. "सुरीने कापल्यासारखं."

वहिनींनी याचाही अर्थ लावायचा नाही असं ठरवलं.

दुपारी उन्हं खिडकीतून आत आली तेव्हा वन्संनी सगळ्यांना मोठ्या टेबलाभोवती बोलावलं. म्हातारबुवांची खुर्ची लेकीने जवळ ओढली. काका हाताची घडी घालून उभे राहिले. वहिनींनी फळीवर पातळ कागद अंथरून, कोळसा घासून वेलीचा ठसा घेतला होता. त्यांचं तोंडही अर्धं कोळशाने माखलं होतं, पण ते त्यांना कुणी सांगितलं नाही.

"वहिनी, आपल्या गालिच्याला किती उंदीर चावले?" वन्संनी विचारलं.

"तुमच्या म्हणण्याप्रमाणे एक. माझ्या म्हणण्याप्रमाणे शंभर."

"गालिचा माळ्यावर कसा ठेवला होता?"

"गुंडाळून." वहिनी थांबल्या. "अगंबाई. एकदा चावला तरी सगळ्या पदरांना भोक पडणार."

"आणि उलगडल्यावर ती ओळीने दिसणार. बाहेरची मोठी आणि लांब लांब, आतली बारीक आणि जवळ जवळ. कारण आतला वळसा लहान असतो. आता हा दोरा बघा." वन्संनी गाठींचा दोरा टेबलावर पसरला. "फळीवरच्या थेंबांमधलं अंतर एका बाजूने हळूहळू कमी होत गेलंय. आणि जिथे फळीवरचे थेंब संपतात, तिथून पुढे गुंडाळीवरचे डाग सुरू होतात. अंतर तसंच थोडं थोडं कमी होत जातं. मध्ये कुठे खंड नाही."

"योगायोग," काका म्हणाले.

"असेल. वहिनी, ठसा गुंडाळीच्या कापलेल्या कडेला लावा आणि आतल्या टोकापासून घट्ट गुंडाळत या."

वहिनी गुंडाळत आल्या. जुना कागद संपला, ठसा सुरू झाला, तोही गुंडाळून झाला. वन्संनी सगळ्यात वरच्या टपोऱ्या थेंबाजवळ बोट टेकवलं.

"आता एकेक पदर सोडा आणि याच जागी काय आहे ते सांगा."

"थेंब," वहिनी म्हणाल्या. पदर सोडला. "थेंब." आणखी एक. "इथेही थेंब, जरा लहान." त्यांचा आवाज बारीक झाला होता. ठसा संपला, पिवळा कागद आला. "डाग. त्याच जागी. पुन्हा डाग. हा अगदी पुसट." त्यांनी मान वर केली. "वन्सं, हे दव नाहीच."

"नाही. हे तेल आहे. वरच्या फळीवर डबा होता, खाली गुंडाळी. तेल सांडलं, गुंडाळीच्या गोलाईवरून ओघळलं, म्हणून प्रत्येकाला शेपूट. पदरापदरांतून झिरपत गेलं, म्हणून आत लहान होत गेलं. ही लेक म्हणते, आईच्या वेलीत थेंब नव्हते. ते खरं आहे. तिने चिकटवली तेव्हा नव्हते. ते नंतर पडले. आणि पडले तेव्हा वेल गुंडाळीतच, सगळ्यात बाहेर होती. काका, तुम्ही ज्या थेंबांनी हिचं तोंड बंद केलंत, तेच थेंब सांगतायत की वेल इथलीच."

लेक टेबलाची कड धरून उभी होती.

"तेल माझ्या हातून सांडलं," म्हातारबुवा म्हणाले.

सगळे वळले.

"ती गेल्यावर मी रोज गुंडाळीजवळ जायचो. डोळ्यांना दिसत नाही. पण तिची पेन्सिल दाबून चालायची, बोटांना रेघा लागायच्या. एकदा आधारासाठी वरच्या फळीला हात घातला आणि डबा कलंडला. फडकं बदललं, डबा खाली ठेवला आणि कुणाला सांगितलं नाही. पुन्हा हात लावायची छाती झाली नाही. पुढे कळलं, पान गेलं. वाटलं, तेलाने नासलं म्हणून कुणीतरी माझी लाज राखायला कापून टाकलं असेल, आणि दारावरची थेंबांची वेल दुसरीच असेल. पोरी, तुझ्या आईचं एवढं एकच काम, ते मी घालवलं, हे तुला कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

लेक त्यांच्या खुर्चीशी बसली आणि त्यांचे दोन्ही हात तिने हातात घेतले.

वहिनींनी डोळे पुसले, आणि कोळसा उरलेल्या अर्ध्या तोंडालाही लागला. "पण मग कापलं कुणी? दादानेच ना?"

"दादाला हे थेंब म्हणजे डाग आहेत हे माहीत असतं तर त्याने ते कोरले असते का?" वन्सं म्हणाल्या. "त्याने पूर्ण गुंडाळी पाहिलेलीच नाही. आतले पुसट डाग पाहिले असते तर कोरणाऱ्याच्या ते लक्षात आलं असतं. त्याच्या हाती फक्त सुटं पान आलं. 'होते तसे कोरले,' तो म्हणाला. स्वतः काढणारा माणूस 'होते' म्हणत नाही. आणि हे कापणं सुरीचं नाही. या कडेला मध्ये मध्ये पायऱ्या आहेत. कात्री एक चावा घेते, पुढे सरकते, दुसरा घेते." त्यांनी बोटाभोवतीची पट्टी सोडवून कडेशेजारी ठेवली. "अशीच. या कारखान्यात कागदाला कात्री लावणारा माणूस एकच आहे."

काकांनी हाताची घडी सोडली. ते नाकारतील असं वहिनींना वाटलं होतं. पण ते मुलाकडे बघत होते.

दादा आपल्या कपाटाकडे गेला. येताना त्याच्या हातात एक कागद होता, रेघोरेघ टाचणीने टोचलेला. त्याने तो गुंडाळीच्या कापलेल्या कडेला लावला. पायरीत पायरी बसली.

"बाबा, तुम्ही म्हणालात, तरुणपणी तुम्हीच काढली होती," तो म्हणाला. "म्हणालात, मला कधी लावू दिली नाही, निदान तुझ्या हातून लागू दे, नाव तुझं लाव. मी रात्रंदिवस राबलो ते तुमची वेल म्हणून."

"एकदा तरी आपल्या शाखेचं नाव लागावं, एवढंच वाटलं," काका म्हणाले. "आमच्या वहिनींचं नाव नाहीतरी कशावरच नव्हतं. नसलेलं पुसलं तर काय बिघडलं, असं वाटलं." मग ते थोरल्या भावाच्या खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले.

"तुला एक नक्षी लावू द्यायला हवी होती," म्हातारबुवा म्हणाले. "ते माझं चुकलं. पण तिची चोरायला नको होतीस."

काकांनी होकारार्थी मान हलवली.

दादाने छिन्नी उचलून लेकीपुढे धरली. "काकूचं नाव तू कोर. आणि हे थेंब मी तासून टाकतो. नाहीतरी ते नक्षीत नव्हते."

लेकीने फळीकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

"राहू देत. वेल आईची आहे. थेंब बाबांचे आहेत."

तिने पाटीवर नाव कोरायला घेतलं. लाकूड कठीण होतं, फळी हलायला लागली. काका पुढे झाले आणि त्यांनी ती दोन्ही हातांनी दाबून धरली. कुणी त्यांना धरा म्हटलं नाही आणि सोडाही म्हटलं नाही. अक्षरामागून अक्षर उमटत गेलं, आणि शेवटचं अक्षर वळलेल्या टोकाच्या अलीकडे बरोबर मावलं.

"ताज्या कोरीवकामाला तेल लागतं," म्हातारबुवा म्हणाले. "डबा द्या इकडे."

लेकीने जमिनीवरचा डबा उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोटांनी नाव चाचपलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, आणि मग तेल ओतलं. हात थरथरला. तेल नावावर पडलं, पाटीवरून बाहेर गेलं, वेलीत ओघळलं. वहिनी सवयीने फडकं शोधायला उठल्या, आणि वन्संनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.